शिवेवरचा वाटा

अरे ढुंढ्या, तू फक्त ऐक. मध्ये बोलायचं नाही, हसायचं नाही, आणि "जया, तू फेकतोस" असं तर अजिबात म्हणायचं नाही, कारण हत्तीनं माझ्या मानेवर फुंकर मारलीय. खरा हत्ती. खरी मान. ही इथं, कॉलरच्या वर. अजून हात गेला तिथं की काटा येतो, हे बघ. चहा सांग आधी. कट नको, फुल्ल सांग. हं.

तर जंगलखात्यात गार्ड म्हणून लागलो तेव्हा तूच म्हणाला होतास ना, मजा आहे बुवा, सरकारी झाडाखाली झोपायचं. झोपतोय कसला! बीट मिळालं पेठच्याही पलीकडं, डोंगरात. दोन पाडे माझ्याकडे. मध्ये एक ओढा, ओढ्याच्या अलीकडे मोहपाडा, पलीकडे जांभूळपाडा, ओढा हीच दोघांची शीव. मी राहतो मोहपाड्यात, कुसाबाई म्हणून आहेत त्यांच्या पडवीत. मावशी म्हणतो मी. त्यांचा मुलगा तुमच्या अंबडच्या कारखान्यात आहे, सणाला येतो, एरवी ही बाई एकटी. आणि तिचं एकच खाचर, ओढ्याला लागून. वर्षभराचा भात तेवढाच. म्हणजे मी दुपारी जेवतो तो भातसुद्धा त्याच खाचरातला. बाकीच्यांची शेतं वरच्या अंगाला, गावाला चिकटून. हिचं एकटीचं खाली. जंगलातून जे काही येईल, रानडुक्कर म्हण, सांबर म्हण, पहिलं पाऊल हिच्या भातात.

आणि आला काय? हत्ती!

तू म्हणशील नाशिक जिल्ह्यात हत्ती कुठला. मीही तेच म्हणालो. भादव्यात केरू पळत आला, केरू म्हणजे तिथला एक शेतकरी, लय बोलका माणूस, पण त्या दिवशी तोंडातून शब्द निघेना. नुसता हात नाकापाशी नेऊन हलवत होता. मला वाटलं सर्दी झालीय.

मग गेलो बघायला. गावामागच्या उतारावरची त्याची नागली होती ना, ती नव्हतीच. चटई अंथरल्यासारखी आडवी. राखणीला बांधलेला माळा मोडून पडलेला, आणि चिखलात ही एवढी पावलं, आपल्या पितळी पराती असतात तसली. केरू म्हणे, "माळ्यावर मी होतो, गार्डदादा. त्यानं खांबाला डोकं लावलं. मी उडी मारली. तो मागं धावला माझ्या, खरंच धावला!" आणि नंतर हत्ती ओढ्याच्या वरच्या अंगाला दाट झाडी आहे तिथं गेला, आणि तिथंच राहिला.

कुठून आला कुणाला ठाऊक. यंदा सिंहस्थ झाला, तुमच्याच घरावरून साधू हत्ती घेऊन गेले की नाही? तर एक म्हणतो त्यातलाच सुटलेला. दुसरा म्हणतो सर्कशीचा. तिसरा म्हणतो गुजरातकडून डांगच्या रानातून आला, पूर्वी यायचे म्हणे. पूर्वी म्हणजे कधी, तर त्याच्या आज्याच्या आज्यानं पाहिला होता.

मी गेलो पेठला, रेंजरसाहेबांकडे. साहेब, हत्ती आलाय. साहेब आधी माझ्या तोंडाचा वास घ्यायला पुढं झाले. मग विचारतात, "जंगली की पाळीव?" मी म्हटलं, "साहेब, कसं कळणार?" "कसं कळणार म्हणजे? जंगली असेल तर तो आपल्या खात्याचा. पाळीव असेल तर मालकाचा. मालक सापडत नसेल तर ते मोकाट जनावर, ते ग्रामपंचायतीचं. कोंडवाड्यात घाला म्हणावं."

कोंडवाडा! ढुंढ्या, मोहपाड्याचा कोंडवाडा म्हणजे गुडघाभर दगडाचा गडगा आणि एक बांबूचं फाटक. त्यातून शेळीसुद्धा हसत बाहेर जाते.

पण साहेब वाईट नाहीत रे. त्यांनाही कुठं काय माहीत. त्यांनी कुठून तरी कर्नाटकाकडचं एक सर्क्युलर मिळवलं, तिकडं जंगली हत्ती शेतात येतात तेव्हा काय करतात त्याचं. आवाज करा, फटाके वाजवा, डबे वाजवा, मिरच्यांचा धूर करा, जवळ जाऊ नका, आणि काही झालं तरी खायला घालू नका. मी ते गावात वाचून दाखवलं. सगळे मान डोलवत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही झाडीपाशी गेलो. मी स्वतः सुतळी बॉम्ब लावला. धडाड्! पाखरं उडाली, केरू पुन्हा पळाला, आणि हत्ती बाहेर आला. पळत नाही रे, आरामात. उभा राहिला आणि सोंड वर केली, सरळ, कपाळापर्यंत. सलाम ठोकल्यासारखी. पोरांनी डबे बडवले तर हा डुलायला लागला, एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. जितके जोरात बडवले तितका पुढं आला. वरातीत उभा असल्यासारखा! मग डबे थांबवले, तेव्हा कुठं परत गेला.

मी म्हटलं, झालं, पाळीव आहे. साहेबांना कळवायला निघणार, तर त्याच दुपारी त्यानं एकाची बैलगाडी उलटी केली, चाक काढून पार लांब भिरकावलं, आणि असा ओरडला की कुसाबाईंच्या चुलीवरचं झाकण थरथरलं. मग म्हटलं जंगली आहे. मग म्हटलं दोन हत्ती आहेत की काय? डोक्याचा नुसता भुगा. आणि सारखं वाटायचं, ठरवलं पाहिजे, मी गार्ड आहे, मी ठरवायचं असतं.

इकडं कुसाबाईंचं भात पिकत आलं होतं. लोंब्या वाकल्या होत्या. मावशी रोज सकाळी बांधावर जाऊन एक लोंबी चोळायची, दाणा दाताखाली धरायची, आणि म्हणायची, "अजून जरा. अजून जरा." कच्चं कापलं तर नुसता कोंडा. पिकायची वाट बघितली तर हत्ती. मला एकदा ताट वाढता वाढता म्हणाली, "जयराम, तुझं खातं झाडाला हात लावला तर मला दंड करतं. त्याला का करत नाय?" मी भात चावत बसलो. तिचाच.

मग पुंजाबाबा बोलला. पुंजाबाबा म्हणजे तिथला भगत, म्हातारा, वाघदेवाचं सगळं तोच करतो. वाघदेव तुला माहीत नसेल. शिवेवर एक लाकडी फळी उभी असते, वर सूर्य-चंद्र, खाली वाघ कोरलेला. वाघबारशीला तिथं वाघाचा वाटा ठेवतात. भात, नारळ, कोंबडं. आणि सांगतात, हा तुझा वाटा, तो घे, आमच्या गुराढोरांना हात लावू नको. मग घरी यायचं. येताना बोलायचं नाही आणि मागं वळून बघायचं नाही. आपल्या घराचा उंबरा ओलांडेपर्यंत. मागं बघितलं की मग, म्हणजे वाघाला वाटतं याचा आपल्यावर विश्वास नाही, आणि करार मोडतो.

पुंजाबाबा म्हणाला, "वाघाशी बोलतो तसं हत्तीशी बोलू."

केरू म्हणाला, "वाघ इथला हाय, बाबा. त्याला आपली बोली कळते. हा कुठला कोण! याला काय गुजरातीत सांगणार?"

"तू सांग मग. तुझी नि त्याची धावताना ओळख झालीय."

सगळे हसले. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. कारण सर्क्युलरात लिहिलं होतं खायला घालू नका, आणि मीच ते मोठ्यानं वाचलं होतं. आणि तुला तर माहितीये, आमच्या घरात हे काहीच चालत नाही. वडिलांना कळलं की मी वाघदेवाच्या वाटेला गेलो, तर ते मला वाटेला लावतील. पण मी विचार केला, शिवेवर पोटभर खायला मिळालं तर कदाचित शिवेवरच थांबेल? मावशीला आठ-दहा दिवसच हवे होते. फटाक्यानं झालं नाही, डब्यानं झालं नाही. आणि मावशी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "मी बरोबर येतो. पण नुसता बघायला. सरकारी." 

"बघायलाच तर यायचं नाय," पुंजाबाबा म्हणाला.

मग दिवस कलताना निघालो. वीसेक माणसं. पोरं घरीच कोंडली. मावशीनं टोपलीत भात घेतला, गूळ, केळ्यांचा आख्खा घड, नारळ. मी शेवटी, खांद्याला पिशवी, पिशवीत सुतळी बॉम्ब आणि काडेपेटी. म्हणजे करार एका हातात आणि बॉम्ब दुसऱ्यात.

ओढ्यापाशी वाटा मांडला. पुंजाबाबा झाडीकडे तोंड करून म्हणाला, "हा तुझा वाटा. ओढ्याच्या अलीकडं आमचं. पलीकडं सगळं तुझं."

मी हळूच म्हटलं, "बाबा, पलीकडं जांभूळपाडा आहे ना?"

"वाघालाही असंच सांगतो."

"आणि जांभूळपाड्याचे काय सांगतात वाघाला?"

"ते सांगतात अलीकडं तुझं." आणि तो वळला, आणि मग बोलणं बंद.

आता नीट ऐक. गाव पूर्वेला, ओढा पश्चिमेला. म्हणजे परत येताना सूर्य आमच्या पाठीवर. मावशीच्या खाचराच्या मधून एक रुंद बांध आहे, बैलजोडी जाईल एवढा. दोन्ही बाजूंना भात, हाताला लागतंय असं. सगळे एकामागे एक. पुढं पुंजाबाबा, मग मावशी, मग बाकीचे, मग केरू, आणि शेवटी मी. सगळ्यांच्या लांबलचक सावल्या आमच्या पुढं पडलेल्या. कुणी बोलत नाही, नुसती पावलं. आणि मी खाली बघत चाललोय, केरूच्या टाचा बघत, आणि माझी सावली बघत. आणि माझ्या सावलीला कान फुटले.

हसू नको! मोठे, सुपासारखे. हलणारे. मग माझी सावलीच गेली. मोठ्या सावलीनं गिळली. ती माझ्या पायाखालून पुढं सरकली, केरूच्या टाचांवर चढली, पाठीवर चढली. आणि पायांचा आवाज नाही रे! एवढं धूड, आणि पावलाचा आवाज नाही. नुसता मानेवर वारा आला. गरम. गुळाचा वास त्याला. मग पिशवीत काहीतरी चाचपडतंय, हळूच, आपली आजी झोळीत चष्मा शोधते तसं. काडेपेटी खडखडली.

मी काय करू? ओरडू? ओरडलो तर वीस माणसं उधळतील, दोन्ही बाजूंना, भातात. त्यांच्या मागं तो. खाचराचं काय राहील? बॉम्ब लावू? बॉम्ब लावला की तो नाचतो. नाहीतर चाक भिरकावतो. दोन्हीतलं कुठलं, ते त्यालाच ठाऊक. मागं बघू? मागं बघितलं की करार मोडला, आणि उद्या काहीही झालं, कुणाची कोंबडी मेली तरी, गार्डनं मागं बघितलं होतं. पण गप्प राहिलो तर हत्ती सरळ गावात! कुडाची घरं, आत पोरं कोंडलेली.

आणि ढुंढ्या, यात एक गोष्ट अशी की डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसत होतं. भाताची एक लोंबी हालत नव्हती. तो बांधावरूनच चालत होता. पावलापुढं पाऊल. भाताला सोंडही लावत नव्हता. रांगेत होता तो. आमच्यातलाच एक असल्यासारखा.

मी गप्प राहिलो.

केरूचे कान लाल झाले होते. त्याची चाल वाढली, पण तो वळला नाही. मला वाटलं, घाईत आहे.

गावात शिरलो. एकेक जण आपापल्या घरात जायचा, उंबरा ओलांडायचा, पाठीमागे न बघता दार लावायचा. धाड. धाड. रांग लहान लहान होत गेली. शेवटी मी एकटा उरलो, आणि मावशीचं अंगण. मावशी उंबरा ओलांडून आत गेली, सुटकेचा श्वास सोडला आणि वळली. आता वळायला हरकत नव्हती ना.

तिचं तोंड मी जन्मात विसरणार नाही. ओरडली नाही. माझ्या डोक्याच्या वर, फूट-दोन फूट वर बघत होती.

"कधीपासून?" म्हणाली.

"बांधापासून."

"माझ्या बांधापासून?"

"हो."

"आणि भात?"

"एक दाणा नाही गेला, मावशी."

मग माझ्या खांद्यावरून सोंड पुढं आली, तिच्या डोक्यावर टेकली, अलगद, आणि मागं गेली. तुमच्या पंचवटीत हत्ती घेऊन फिरतात ते लोक, केळं दिलं की हत्ती आशीर्वाद देतो, तस्सं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. याला शिकवलंय असं. जो खायला घालेल त्याच्या डोक्यावर सोंड ठेवायची, आणि मग त्याच्या मागून दारोदार जायचं. आणि आम्ही याला टोपलीभर खायला घालून, सावकाश, रांगेनं, घर दाखवत आणलं होतं!

पण मग ते चाक? तो माळा? ते कशात बसवू? माणूस सुटला, मालक गेला, उपाशी राहिला, म्हणून पिसाळला असेल? असेल. नसेलही. शिकवलेलं निम्मं विसरला असेल. कुठलं निम्मं, ते कुणी सांगावं!

दारं उघडली. गाव जमलं, लांबूनच. हत्ती मावशीच्या अंगणात उभा, डुलतोय. पुंजाबाबानं बघितलं आणि पहिलं वाक्य, "कुणीतरी मागं बघितलं."

सगळे माझ्याकडे.

मी म्हटलं, "शपथ घेतो. नाही बघितलं."

"मग तुला कसं कळलं तो मागं हाय?"

"सावली दिसली. सावली पुढं होती, बाबा, पुढंच बघत होतो मी!"

तर केरू म्हणतो, "सावली तर मीही पाहिली." त्याच्या पुढचा म्हणतो, "मीही." त्याच्या पुढची बाई म्हणते, "माझ्या पाठीवर एकदम गार झालं, मला तवाच समजलं." म्हणजे निम्म्या रांगेला माहीत होतं! प्रत्येकाला वाटलं आपल्या एकट्यालाच माहीत आहे, आणि आपण बोललो तर करार मोडेल. मग वाद. सावली बघणं म्हणजे मागं बघणं का? एक म्हणतो, सावली ही त्याचीच, म्हणजे त्यालाच बघितलं. दुसरा म्हणतो, नाय, वळला नाय म्हंजे नाय. तिसरा म्हणतो, मग करार मोडला का नाय ते आधी सांगा, कारण भाताला तर त्यानं तोंड लावलेलं नाय. म्हणजे त्यानं पाळला! उलट आपण म्हणालो, अलीकडं येऊ नको, आणि आपणच आणला!

पुंजाबाबानं हात वर करून वाद थांबवला. मग म्हणाला, "माझ्या उभ्या जन्मात वाघ असा मागं आला नाय. वाघाचं मला ठावं. याचं मला ठावं नाय." आणि माझ्याकडे बोट. "तो तुझ्या मागं आला. सगळ्यात शेवटी तू. आता तूच घेऊन जा."

रात्रीचं विचारू नको. सकाळी मावशीनं तिच्याकडचं होतं नव्हतं ते, केळी, गूळ, सगळं माझ्या पिशवीत भरलं. अंगणात त्यानं छपराचं गवत उपसायला सुरुवात केली होती. ती मला म्हणाली, "जयराम, आठ दिवस. भात कापून खळ्यावर येईतो. तिकडं कुठंबी ने."

"कुठं नेऊ, मावशी? झाडीत सोडला तर दुपारी परत येईल, आता तर त्याला घर माहीत झालंय. साहेबांकडे नेतो, तिथं कोणीतरी माहूत बोलावतील."

"मग ने."

"पण पेठच्या वाटेला लागायचं तर ओढा ओलांडून जांभूळपाड्यातूनच जावं लागतं."

ती नुसती माझ्या बरोबर चालायला लागली.

तर असे आम्ही. पुढं मी, खांद्याला पिशवी. शेजारी मावशी. मागं तो. पुन्हा त्याच बांधावरून. मी दर थोड्या वेळानं एक केळं मागं धरायचो, ते हातातून अलगद जायचं. भातावर दव होतं. मावशी चालता चालता लोंब्यांवरून हात फिरवत होती. म्हणाली, "आता चार-पाच दिवसांत तयार." केळी संपत आली होती, ढुंढ्या. ओढ्यापर्यंत पुरतील का नाही, त्याचीच मला काळजी.

पुरली. शेवटचं केळं ओढ्याच्या काठावर गेलं. झाडाआडून बाहेर आलो आणि बघतो तर समोर, पलीकडच्या काठावर, वाटा मांडलेला.

अरे खरंच! केळीची पानं, भात, नारळ, उसाची कांडकी. ताजा. गोष्ट पसरायला वेळ लागतो का? त्यांच्याकडे बातमी पोचली असणार, मोहपाड्यानं शिवेवर वाटा ठेवला आणि हत्तीनं भाताला तोंड लावलं नाही. एवढीच. ती खरीच होती की! पुढचं, तो घरी येतो हे, कुणी सांगितलं नसणार. किंवा सांगितलं असेल आणि त्यांना थट्टा वाटली असेल.

आणि ती माणसं नुकतीच वळली होती. आम्हाला त्यांनी बघितलंच नव्हतं. त्यांच्या नुसत्या पाठी दिसत होत्या. एकामागे एक, आपल्या भाताच्या मधून, गप्प, गावाकडं. सगळ्यात शेवटी एक म्हातारा, पाय अधू, काठी टेकत, बाकीच्यांपेक्षा बराच मागं राहिलेला.

हत्ती माझ्या शेजारून पुढं झाला. पाण्यात उतरला. पलीकडं चढला. वाटा खायला त्याला कितीसा वेळ! नारळ पायाखाली फुटला तो आवाज आला, आणि म्हातारा जरा थबकला. जरासाच. पण मागं बघितलं नाही त्यानं. तो पुन्हा काठी टेकत निघाला. आणि हत्तीनं डोकं वर केलं आणि त्याच्या पाठीकडं बघितलं.

माझ्या तोंडात हाक तयार होती. खरंच, अगदी इथं, दातांपाशी. जांभूळपाडाही माझाच आहे रे. तीही माझीच माणसं, तेही भात उभंच. मी हाक मारली तर तो वळेल, पुढचे वळतील, पळतील. म्हातारा पळू शकत नाही. आणि पळणाऱ्याच्या मागं हा धावतो, ते केरूला विचार. नाहीतर हाकेला फिरून हत्ती माझ्याकडेच येईल, आणि माझ्या पिशवीत आता केळं नाही, आणि माझ्या मागं काय आहे तर मावशीचं खाचर. आणि गप्प राहिलो, तर काय? आमच्यासारखेच गुपचूप घरी पोचतील, एक लोंबीही न मोडता? की आज त्याचं दुसरं निम्मं जागं असेल, चाक भिरकावणारं?

मावशीनं माझं मनगट धरलं. घट्ट. हळूच म्हणाली, "गप. त्यांनी वाटा ठेवलाय. वाटा ठेवल्यावर बोलत नाय."

मी म्हटलं, "मावशी, बोलायचं नाही ते त्यांनी. आपल्याला कुणी अडवलंय?"

ती माझ्याकडं बघत नव्हती. ती मागं बघत होती, आपल्या भाताकडं. "अजून चार दिवस, बाबा," म्हणाली. "मी काय त्यांचं वाईट चिंतते का? चार दिवस."

हत्तीनं पहिलं पाऊल टाकलं. आवाज नाही. म्हातारा चाललाय, काठी, पाय, काठी, पाय. मधलं अंतर कमी होतंय. माझं मनगट तिच्या हातात.

नाही, मी काय केलं ते नंतर. आधी तू सांग. लवकर सांग, विचार करायला मला तरी कुठं वेळ होता. तू असतास तिथं, ढुंढ्या, तर तू काय केलं असतंस?